मातीची गाडी, सोन्याची गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या नाटकाचे नावच मुळी एका खेळण्यावरून पडले आहे. मृच्छकटिक म्हणजे मातीची छोटी गाडी. गोविंद बल्लाळ देवलांमुळे हे नाटक मराठी रसिकांच्या घरचे झाले. चारुदत्ताचा लहानगा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळलेला असतो. ती गाडी तिचा मालक घेऊन जातो. मग रदनिका ही दासी त्याला मातीची गाडी करून देते. पण पोराला ती नको असते, त्याला सोन्याचीच हवी असते. ते रडणे पाहून वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवते आणि मातीच्या गाडीत भरते. पुढे तेच दागिने न्यायसभेत चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात.

खेळण्यांच्या इतिहासाकडे वळलो तेव्हापासून हा प्रवेश मला वेगळाच दिसतो. मुलाच्या हातात काय द्यावे, हे मोठी माणसे नेहमी मुलाकडे पाहून ठरवत नाहीत. शेजाऱ्याकडे पाहून, आपल्या ऐपतीकडे पाहून, कधी आपल्या कळवळ्यापोटी ठरवतात. मला वर्षाकाठी दोन-चार बारशांची आमंत्रणे येतात. 'तुम्ही खेळण्यांचा अभ्यास करता, मग बाळाला काय न्यावे ते सांगा,' असे कुणीतरी हटकून विचारतेच. या प्रश्नाचे उत्तर मी इतिहासातून देतो. बाळाच्या खेळण्याला दोनच प्रश्न विचारावेत. हे तोंडात गेले तर काय होईल? आणि हे बाळाला काय करू देईल? प्रश्न साधे आहेत, पण पहिल्याचे उत्तर जगाला मुलांचे प्राण गमावून मिळाले आहे आणि दुसऱ्याचे फार चिकाटीने केलेल्या निरीक्षणातून.

बाळासाठी खेळणी करणे हा माणसाचा फार जुना उद्योग. सिंधू संस्कृतीच्या उत्खननांत मातीचे पोकळ खुळखुळे सापडले, आत मातीच्याच गोळ्या घातलेले. पक्ष्याच्या आकाराच्या शिट्ट्या सापडल्या, चाकांच्या लहान गाड्या सापडल्या. त्यांतल्या काही वस्तू पूजाविधीच्या असतील, पण त्या घरांतून मुलांचा आवाज आपल्याला ऐकू येतो एवढे खरे.

आपल्या मराठी घरात बाळाची खेळणी मोजकीच असत. पाळण्यावर लाकडी चिमण्यांचे चिमणाळे, हाताला खुळखुळा, चोखायला चोखणी, जरा मोठे झाले की ठकी, आणि पाय टेकू लागले की पांगुळगाडा. सावंतवाडीच्या चितारआळीतले कारागीर हलक्या लाकडाची खेळणी घडवत आणि लाखेच्या रंगांनी ती रंगवत. तिकडे कर्नाटकात चन्नपट्टणला लाकूड चरकावर फिरते ठेवून त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. बाळाच्या दृष्टीने या खेळण्यांत एक मोठी सोय होती. बहुतेकांना खिळा नव्हता, धार नव्हती, आणि करणारा माणस ओळखीचा होता. खुळखुळा फुटला, तर त्याच सुताराला दारात बोलावून जाब विचारता येई.

पण मित्रहो, 'जुने ते निर्धोक' असे मी म्हणणार नाही. आपल्या जुन्या रंगपेटीत काय काय होते ते पाहा. शेंदूर हा शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा आणि पिवळाधमक हरताळ सोमलाचा. तिन्ही विषारी. शिवाय चिंचोका, शेंगदाणा, मणी, गुंज या वस्तू घराघरात जमिनीवर सांडलेल्या असत आणि रांगते मूल त्यांच्यापासून हातभर अंतरावर असे. मूल अचानक गेले, तर 'दृष्ट लागली', 'आकडी आली' एवढेच कारण पुढे येई. कारण शोधून त्याची नोंद करायची, ती इतरांना सांगायची आणि पुढच्या मुलाला वाचवायचे, ही रीत फार उशिरा आली.

ही रीत कशी आली, त्याची शिशाच्या रंगाइतकी बोलकी कहाणी दुसरी नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात १८९० च्या दशकात डॉक्टरांना चमत्कारिक लक्षणांची मुले दिसू लागली. पोटशूळ, हातापायांतली ताकद जाणे, दृष्टी मंदावणे. हे शिशाचे विष आहे, एवढे लवकर कळले. पण शिसे येते कुठून? पाण्यातून की भांड्यांतून, यावर बराच काळ शोध चालला. १९०४ साली लॉकहार्ट गिब्सन या नेत्रवैद्याने बोट ठेवले ते घराच्या व्हरांड्याच्या कठड्यावर. उन्हाने त्यावरचा रंग भुकटीसारखा सुटे, मुलांच्या हाताला लागे आणि हात तोंडात जात. त्याचे म्हणणे मान्य व्हायला बरीच वर्षे गेली. १९२२ मध्ये क्वीन्सलँड प्रांताने मुलांचा हात पोचेल अशा जागी शिशाचा रंग लावायला कायद्याने मनाई केली.

दरम्यान १९१४ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या दोन डॉक्टरांनी एका पाच वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. त्या मुलाने आपल्या पलंगाच्या कठड्यावरचा पांढरा रंग कुरतडून खाल्ला होता. ते मूल वाचले नाही. म्हणजे धोका १९१४ मध्ये कागदावर आला होता. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या आणि खेळण्यांवरच्या शिशावर देशव्यापी बंदी आणली ती १९७८ मध्ये. मधली चौसष्ट वर्षे शिशाचा रंग विकला जात होता, कारण तो टिकाऊ होता, चकचकीत होता आणि विकणाऱ्यांना सोयीचा होता. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी ठरवणारा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला.

शिसे मोठ्यांनाही बाधते. मग बाळाची एवढी काळजी का? एक म्हणजे बाळ जगाची ओळख तोंडाने करून घेते. दुसरे, पोटात गेलेल्या शिशातला कितीतरी मोठा वाटा लहान मुलाचे शरीर शोषून घेते. आणि तिसरे, त्याचा मेंदू त्याच वेळी घडत असतो. हे विष ओरडून सांगत नाही. मूल शाळेत मागे पडते, चंचल होते आणि आपण त्याला 'लक्ष नाही' म्हणून रागावतो.

दुसरा धोका क्षणात जीव घेणारा, घशात वस्तू अडकण्याचा. याबाबत १९८० सालापासून अमेरिकेत एक फार साधे यंत्र वापरात आले. यंत्र कसले, एक नळकांडेच ते! रुंदी ३१.७ मिलिमीटर, तळ तिरपा, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. तीन वर्षांखालील मुलाचे खेळणे किंवा त्याचा निखळलेला तुकडा या नळकांड्यात पूर्ण मावला, तर ते खेळणे बाद. हे माप लहान मुलाच्या घशाचा विचार करून ठरवलेले आहे. पूर्वी कॅमेऱ्याच्या रोलची प्लास्टिकची डबी घरोघरी असे. तिचे तोंड जवळपास याच मापाचे, म्हणून परदेशातले आईबाप ती डबी घेऊन खेळणी तपासत. आता रोल गेले आणि डब्याही गेल्या. पण अंदाज घ्यायचा तर दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असते. ते या नळकांड्यात सहज जाईल. चेंडू तर घसा पुरता बंद करतो, म्हणून त्याची मर्यादा आणखी मोठी, ४४ मिलिमीटरच्या वर.

नियम झाले म्हणजे धोके संपले असे नाही. नव्या वस्तू नवे धोके आणतात. ऑगस्ट २००७ मध्ये मॅटेल या जगातल्या एका बलाढ्य खेळणी कंपनीने आधी सुमारे १५ लाख खेळणी शिशाच्या रंगापायी बाजारातून परत मागवली, आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत सुमारे १ कोटी ८० लाख खेळणी छोट्या चुंबकांपायी. एक चुंबक गिळला तर बहुधा बाहेर पडतो. दोन गिळले तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना खेचतात, मधले आतडे चिमटले जाते आणि त्याला भोक पडते. त्या वेळी सगळा राग चीनमधल्या कारखान्यांवर निघाला. रंगाच्या बाबतीत तो रास्त होता. पण चुंबक निसटणे हा आराखड्याचा दोष होता आणि आराखडा कंपनीचा स्वतःचा. सप्टेंबरमध्ये कंपनीच्या अधिकाऱ्याने बीजिंगला जाऊन माफी मागितली. खेळणे कुठे बनले एवढेच पाहून भागत नाही, हा त्या प्रकरणाचा धडा.

आज यात भर पडली आहे ती बटणासारख्या चपट्या सेलची. दिवे लागणाऱ्या, गाणी म्हणणाऱ्या खेळण्यांत तो असतो. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकते. सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर ते खेळणे घरात आणूच नये. आणि बाळाने सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. खेळणे बाळाला काय करू देते?

या प्रश्नाचा शिस्तशीर विचार करणाऱ्यांत जर्मनीचा फ्रेडरिक फ्रोबेल अग्रणी. 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हा शब्द त्याचा, १८४० चा. त्याने मुलांसाठी क्रमवार साहित्य केले आणि त्याला 'देणगी' म्हटले. पहिली देणगी अगदी तान्ह्या मुलासाठी होती. लोकरीने विणलेले सहा रंगांचे सहा मऊ चेंडू. आईने चेंडू दाखवायचा, लपवायचा, झुलवायचा, मुलाच्या मुठीत द्यायचा. सोबत आईने म्हणायच्या गाण्यांचे आणि बोटांच्या खेळांचे पुस्तकही त्याने १८४४ मध्ये काढले. आपल्याकडची टाळ्यांची, बोटांची बडबडगाणी ज्यांना आठवतात त्यांना यात नवल वाटणार नाही. आपल्या आज्यांचे शास्त्र तेच होते, फक्त त्यांनी ते छापले नाही.

मारिया माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. त्यांचा विचार त्याआधीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी इथे रुजवला होता. माँटेसरींचे साहित्य उत्तम, पण महाग. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या हेच शिक्षणाचे साहित्य झाले. आदिवासी मुलाच्या अंगणात जे आहे त्यातूनच त्याची बुद्धी फुलते, हे त्यांनी करून दाखवले. 'अंगणवाडी' ही कल्पना त्यातूनच आली.

इथे मात्र थोडे थांबायला हवे. चार वर्षांच्या मुलापुढे बियांची आणि शिंपल्यांची टोपली म्हणजे विद्यापीठ. तीच टोपली दहा महिन्यांच्या बाळापुढे ठेवली तर मृत्यू. वस्तू तीच, वय वेगळे. खोक्यावर लिहिलेले वय हे 'हुशारीचे वय' आहे असे पुष्कळांना वाटते. 'आमचा बंड्या वयाच्या मानाने फार पुढे आहे' म्हणून तीन वर्षांवरचे खेळणे दीड वर्षाच्याला आणतात. ते वय घशाचे असते, हुशारीचे नव्हे. हुशार बाळाचा घसा काही रुंद नसतो.

बाळाला काय दिसते, काय कळते, हे अलीकडेपर्यंत कुणी नीट पाहिलेच नव्हते. १९६० च्या आसपास रॉबर्ट फँट्झ या अमेरिकी संशोधकाने बाळांना निजवून त्यांच्या नजरेसमोर वेगवेगळी चित्रे धरली आणि ती कशाकडे किती वेळ पाहतात ते मोजले. कोऱ्या रंगापेक्षा पट्टे, चौकटी आणि चेहऱ्यासारखी आकृती बाळे जास्त वेळ पाहत. अगदी काही दिवसांची बाळेसुद्धा! नवजात बाळाला साधारण वीस ते तीस सेंटीमीटरवरचे त्यातल्या त्यात स्पष्ट दिसते. आईच्या कुशीतून तिचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो. म्हणजे पहिले खेळणे बाळाबरोबरच घरी येते, ते विकत आणावे लागत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कॅरोलिन रोव्ही यांचा १९६९ चा प्रयोग. आपल्या तान्ह्या मुलाला गुंतवून ठेवण्यासाठी त्यांनी त्याच्या घोट्याला सैल फीत बांधली आणि तिचे दुसरे टोक पाळण्यावरच्या चिमणाळ्याला जोडले. मुलाने पाय झाडला की वरची चित्रे हलत. थोड्याच वेळात मुलाला कळले की हे आपल्यामुळे होते, आणि तो पुन्हा पुन्हा पाय झाडू लागला. मग इतर बाळांवर रीतसर प्रयोग झाले. तीन महिन्यांची बाळे ही युक्ती आठवडाभर लक्षात ठेवत, असे पुढे दिसले. जॉन वॉटसन यांनी १९७२ मध्ये सांगितले की, स्वतःच्या हालचालीने फिरणाऱ्या चिमणाळ्याकडे पाहून बाळे हसतात, हुंकार देतात. आपोआप फिरणाऱ्याकडे पाहून तसे होत नाही. (फितीचा प्रयोग घरी करू नका, दोरी बाळाच्या गळ्याभोवती अडकू शकते. आणि बाळ हातापायांवर उठू लागले की पाळण्यावरचे टांगलेले सगळे काढून टाका.)

या प्रयोगांचे सार एका वाक्यात सांगता येईल. खेळण्याने कमी करावे, म्हणजे बाळ जास्त करते. साधा खुळखुळा घ्या. बाळाने हलवला तर वाजतो, थांबले तर थांबतो. बटण दाबल्यावर तीन मिनिटे स्वतःच गाणारा, नाचणारा अस्वलाचा पुतळा घ्या. तिथे बाळ हे फक्त प्रेक्षक. अमेरिकेतल्या एका अभ्यासात दहा ते सोळा महिन्यांच्या बाळांचे आईवडिलांबरोबरचे खेळ ध्वनिमुद्रित केले गेले. २०१५ च्या अखेरीस त्याचे निष्कर्ष आले. बोलकी, दिव्यांची खेळणी हातात असताना आईवडील कमी बोलले आणि बाळानेही कमी आवाज काढले. पुस्तके किंवा साधी खेळणी होती तेव्हा बोलणे वाढले. खेळणे बोलू लागले की घर गप्प होते, एवढाच त्याचा अर्थ.

पांगुळगाडा आणि वॉकर यांची तुलना या संदर्भात करण्यासारखी आहे. पांगुळगाड्यामागे बाळ स्वतःच्या पायांवर उभे राहते. तोल त्याचा, जोर त्याचा, पडणेही त्याचेच. वॉकरमध्ये बाळ झोळीत बसते, बोटांनी जमीन ढकलते आणि स्वतःला सांभाळता येणार नाही इतक्या वेगाने सुटते. जिना, चूल, टेबलावरचा गरम चहा, सगळे त्याच्या टप्प्यात येते. नाव चालवणाऱ्याचे, पण १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वॉकरमधली बाळे बसायला, रांगायला आणि चालायला इतरांहून उशिरा शिकलेली आढळली. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००१ मध्ये वॉकरवर बंदी मागितली. कॅनडाने एप्रिल २००४ मध्ये त्याची विक्री, आयात, जाहिरात, इतकेच काय जुन्या वॉकरची देवघेवसुद्धा बंद केली. आपल्याकडे आजही तो बारशाच्या आहेरात येतो, आणि नातेवाईक दुखावतील म्हणून वापरलाही जातो. दुखावले तर दुखावू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भारतात २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने आयात खेळण्यांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश नमुने कसोटीला उतरले नाहीत. त्यानंतर सरकारने आदेश काढला आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. भौगोलिक मानांकन असलेल्या आणि हस्तकला विभागाकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. ही सूट मला पटते, कारण चाचणीचा खर्च चार माणसांच्या कारखान्याला पेलणारा नाही. पण सूट म्हणजे हमी नव्हे. कारागिराला सरळ विचारावे, रंग कोणता वापरला, लाख कुठली? चांगल्या कारागिराला हा प्रश्न आवडतो.

तेव्हा दुकानात गेलात तर आधी चिन्ह पाहा, वय पाहा. खेळणे ओढून, पिळून पाहा, डोळे-चाके निखळतात का बघा. हुंगून पाहा, उग्र वास आला तर परत ठेवा. कानाशी धरून वाजवा, आपल्याला कर्कश वाटले तर बाळालाही वाटणारच. घरी आणल्यावर सगळी खेळणी एकदम काढू नका, दोन-तीन ठेवा आणि आठवड्याने बदला. आणि एवढे सगळे केल्यावर बाळ खेळणे टाकून त्याच्या खोक्याशी खेळू लागले, तर रागावू नका. खोक्याच्या पिना आणि चिकटपट्टी तेवढी काढा, प्लास्टिकची पिशवी उचला आणि शेजारी बसा.